बारा बोटांची नाव

"तात्या, गाडी न्हाई यायची आज," हौसा म्हणाली.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती. परकर वर खोचलेला, उजव्या हाताचा पंजा नावेच्या काठाखाली आडवा धरलेला. बोलताना तिनं तात्या बाबरांकडं वर बघितलंसुद्धा नाही. पाण्याची रेघ आणि नावेचा काठ यांच्यामध्ये जेवढं लाकूड दिसत होतं, त्यावर तिची नजर होती. तात्या म्हणजे आमच्या खैरवाडीचे सरपंच. त्यांच्या राजदूत मोटारसायकलचं पुढचं चाक फळीवर चढलेलं होतं आणि मागून रेटा द्यायला दोन गडी उभे होते.

"कोण म्हणतं?" तात्यांनी विचारलं.

"मी म्हणते."

हौसा तेव्हा अकरा वर्षांची होती.

सत्त्याऐंशी सालचा फेब्रुवारी. धरणाचं पाणी फुगून आलं तेव्हापासून खैरवाडीचा जुना रस्ता बुडाला होता. समोर दिसणाऱ्या तळेसांगवीला एसटीनं जायचं तर डोंगराला वळसा घालून दोन तास लागत आणि सकाळची गाडी आली तर आली. पाण्यावरून पाऊण तास. त्या दिवशी तळेसांगवीच्या हायस्कुलात चौथीच्या शिष्यवृत्तीची परीक्षा होती. अकराचा पेपर. माझ्या वर्गातली नऊ मुलं धुतलेले कपडे घालून, तेल लावून, हातात पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन काठावर ओळीनं उभी होती. मी त्यांची बाई. वय चोवीस, नोकरीचं दुसरं वर्ष. डी.एड.ला गणितात जिल्ह्यात दुसरी आले होते आणि ही गोष्ट मी लोकांना सहसा विसरू देत नसे.

हौसाही माझ्याच वर्गातली. उशिरा शाळेत घातलेली, म्हणून सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत मागं बसणारी. नाव चालवायचा धंदा तिच्या बापाचा, येसबा भोयाचा. त्याच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला होता. वल्ही मारायला लागणारी ताकद त्याच्या दंडात अजून होती, पण नाव कुठं चालली आहे हे त्याला दिसत नसे. ते हौसा बघायची. माणसं कुठं बसवायची, ओझं कुठं ठेवायचं, सुकाणू कुठं वळवायचं, सगळं तीच. त्यामुळं ती आठवड्यातून दोनच दिवस शाळेत येई.

नोव्हेंबरात मी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले तेव्हा दहा मुलांना बसवायचा विचार होता. चाचणी घेतली. हौसाची तोंडी उत्तरं बरी होती, पण अपूर्णांकांची पाचही उदाहरणं तिनं एकाच तऱ्हेनं चुकवली. तीन छेद चार अधिक एक छेद दोन, उत्तर काय तर चार छेद सहा. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. मी तीनदा समजावून सांगितलं, छेद समान करायला शिकवलं, तरी चौथ्यांदा तेच. तेव्हा मी वर्गासमोर म्हणाले होते, "हौसा, पाण्यावर राहून राहून तुझ्या डोक्यातसुद्धा पाणीच भरलंय." वर्ग हसला. तिनं पाटी पुसली आणि जागेवर जाऊन बसली. फॉर्म नऊच गेले.

तर त्या सकाळी ती पाण्यात उभी होती, आणि ज्यांचे फॉर्म गेले होते त्यांना पैलतीरी पोचवायचं काम तिच्याकडं होतं.

तात्यांना तालुक्याला जायचं होतं, म्हणून मोटारसायकल. शिवाय तिकडच्या पाहुण्यांना द्यायची ज्वारीची दोन पोती. त्यांचा उदय माझ्या नऊ मुलांतलाच. वेळ चालली होती. वर्गातल्या मुलीनं सरपंचांना अडवावं हे मला शोभेना, म्हणून मी पुढं झाले. नावेच्या आतल्या बाजूला कुणीतरी ऑइलपेंटनं 'माणसे १४' असं लिहून ठेवलं होतं. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

"हौसा, मुलं नऊ, मी दहा, तात्या अकरा. तू आणि तुझा आबा, तेरा. चौदाची नाव आहे. चल, वेळ घालवू नकोस."

"बाई, ते माणसांचं हाय," ती म्हणाली. "नाव माणसं मोजत न्हाई."

"मग काय मोजते?"

तिनं पंजा वर करून दाखवला. बोटं ओली होती.

मग तिनं जे सांगितलं ते मला आज साठीतही जसंच्या तसं पाठ आहे. "मी आन आबा बसलो की नाव बारा बोटं वर ऱ्हाती. एक पोरगं बसलं की पाव बोट खाली जाती. मोठं माणूस बसलं की अर्धं. तात्या पाऊण." इथं एक गडी हसला आणि लगेच गप्प झाला. "गाडी एक. पोतं तात्यांएवढंच, पाऊण. म्हंजी पोरं सव्वादोन, बाई धरून पावणेतीन, तात्या धरून साडेतीन. गाडी, साडेचार. दोन पोती, सहा. बारातनं सहा गेली, सहा ऱ्हायली."

"मग सहा बोटं पुरत नाहीत का?"

"शांत पाण्याला पुरत्यात. आज कड्याखाली वारं हाय. आठ पायजेत."

इथं आमच्याकडं तर पान हलत नव्हतं. मी तसं म्हणाले. तिनं पलीकडच्या तीरावरच्या वीटभट्टीकडं हनुवटी केली. भट्टीचा धूर वर जायच्या ऐवजी पाण्यावर आडवा लोळत होता.

खरं सांगते, तिनं हे सगळं न थांबता, बोटंसुद्धा न मोडता सांगितलं, याकडं माझं लक्षच गेलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की पोर ऐकत नाही. तात्यांनी येसबाकडं बघितलं. तो आपल्या फळीवर वल्ही मांडीवर आडवी घेऊन बसला होता. तात्यांनी त्याला विचारलं, ही नाव तुझी की तुझ्या पोरीची. येसबानं तोंड आवाजाच्या दिशेला वळवलं.

"ती म्हणंल ते, तात्या. मला दिसत न्हाई. आन दिसत हुतं तवाबी मला एवढं मोजता येत नव्हतं."

मी घड्याळ बघितलं. पावणेनऊ झाले होते. कुणाचंच मन मोडू नये म्हणून मी मधला मार्ग काढला. पोती राहू देत, गाडी घेऊ. हौसानं क्षणभर पाण्याकडं बघितलं.

"साडेसात ऱ्हातील. अर्धं बोट कमी पडतंय."

"अर्ध्या बोटानं काय होतंय गं?"

"अर्धं बोट म्हंजी तुम्ही, बाई," ती म्हणाली. "तुम्ही उतरता का?"

त्यात उद्धटपणा नव्हता. ती खरंच विचारत होती. गाडी यायची असेल तर अर्धं बोट कुणीतरी उतरायला हवं होतं आणि नेमकं अर्ध्या बोटाचं माणूस समोर उभं होतं.  मुलं माझ्या तोंडाकडं बघत होती.

सोडवणूक तात्यांनीच केली. त्यांनी एकदा आडव्या धुराकडं बघितलं, एकदा आपल्या उदयकडं, आणि गड्यांना म्हणाले, "घ्या मागं गाडी." मग धोतर सावरत ते नावेत चढले आणि हौसानं दाखवलेल्या फळीवर, बरोबर मध्यावर, मुकाट्यानं बसले. मुलांना तिनं एकेक करून हात धरून घेतलं. हे इकडं, हा तिकडं, तू पुढं सरक. शेवटी तिनं पुन्हा काठाखाली पंजा धरला, एक हात चार बोटं, दुसरा हात चार आणि वर अर्धं बोट. साडेआठ. सगळ्यांत मागं जाऊन तिनं सुकाणू हातात घेतलं आणि बापाला म्हणाली, "हाण, आबा."

अर्धा तास आम्ही आरशावरून चाललो. मी मुलांची उजळणी घेत होते. एका नळानं हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्यानं नऊ तासांत रिकामा होतो, दोन्ही एकदम सोडले तर किती तासांत भरेल. अशी वीस उदाहरणं मी त्यांच्याकडून घोकून घेतली होती. उदय सगळ्यांच्या आधी उत्तर देई. अठरा तास. तात्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग कडा आला. दोन डोंगरांच्या मधून पूर्वी नदी जायची ती जागा. वारा तिथं कुणीतरी पोत्याचं तोंड सोडावं तसा अंगावर आला. पाण्याचा रंग बदलला. पहिली लाट उजव्या बाजूनं आली आणि तिचा शेंडा फुटून नऊ मुलांतल्या मंदाच्या मांडीवर पडला. मंदा किंचाळली आणि डावीकडं सरकली. ती सरकली म्हणून तिच्या शेजारचे सरकले. नाव डावीकडं कलली. माझ्या हातातली हॉलतिकिटांची पिशवी तळातल्या पाण्यात पडली.

हौसानं आवाज चढवला नाही. वाऱ्यातून ऐकू जाईल एवढाच तिचा आवाज होता.

"तात्या, तुम्ही उजव्या काठाला सरका. मंदा, उदय, पांडू, तुम्ही तिघं डावीकडंच ऱ्हावा. बाकीची मधी या. कुणी उठू नका."

तात्या सरकले. नाव एखाद्या माणसानं मान सरळ करावी तशी सरळ झाली.

"तिघंच का?" मी विचारलं. भीतीनं माणूस काहीही विचारतं.

"तात्या म्हंजी तीन पोरं," ती म्हणाली.

पाऊण म्हणजे तीन वेळा पाव. पाऊण भागिले पाव. अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायचं मी त्या वर्षी वर्गात काढलंही नव्हतं. ते वरच्या वर्गात येतं. हे मला त्या क्षणी, लाटेचं पाणी तोंडावर उडत असताना कळलं. 

लाटा येतच राहिल्या. प्रत्येकीचा शेंडा थोडा थोडा आत पडत होता. आता पाणी पावलांवर आलं होतं. मुलं रडायला लागली. येसबा एका लयीत वल्ही ओढत होता, त्याचे पांढरे डोळे समोर कुठंतरी लागलेले. हौसानं सुकाणू काखेत दाबलं, खाली वाकली, दोन लाटांच्या मधे काठाबाहेर पंजा धरला आणि परत घेतला.

"साडेसात," ती म्हणाली. "एक बोट गेलं. दोन माणसांएवढं पाणी चढलंय. बाई, फळीखाली डालड्याचे दोन डबे हायत. एक तुम्ही घ्या, एक तात्यांना द्या. तीस डबे काढा. पोरांनो, मोठ्यानं मोजा."

"तीस कशावरून?" तात्या.

"पंधरा डब्याला एक माणूस."

आम्ही उपसायला लागलो. मुलं रडत रडत मोजायला लागली. एक, दोन, तीन. दहापर्यंत आवाज फुटत होते, वीसपर्यंत सगळे एका सुरात आले, आणि रडणं कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. तीस झाले. हौसानं पुन्हा पंजा धरला.

"आठ. निम्मंच निघालं. काढतोय त्यातलं निम्मं परत येतंय. अजून तीस."

हौद आणि नळ. एक भरतो, दुसरा रिकामा करतो. माझ्या नऊ हुशार मुलांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की आपण त्या उदाहरणाच्या आत बसलो आहोत. माझ्या तरी कुठं आलं असतं. मी डबा भरत होते आणि ओतत होते. मधे एकदा हात टेकायला म्हणून मी काठ धरला आणि तिच्यासारखाच पंजा बाहेर आडवा लावून बघितला. लाट आली ती माझ्या बोटांवरून चढत गेली. एक, दोन, तीन, चार, वर अंगठा, पाच. मग उतरली. लाट पाच बोटं चढत होती.

गाडी आणि पोती घेतली असती तर आम्ही सहा बोटं वर राहिलो असतो. आत आलेलं पाणी एक बोट. सहातून एक गेला, पाच. पाचातून पाच.

पुढचं मी मोजलं नाही. डबा उचलला.

साठावा डबा रिकामा झाला तेव्हा हौसानं हात लावला आणि नुसती मान हलवली. साडेआठ. तोवर कडा मागं पडला होता. येसबानं वल्ह्यांची लय न मोडता विचारलं, "सुटलो का गं?" ती म्हणाली, "सुटलो, आबा."

तळेसांगवीच्या काठाला लागलो तेव्हा दहाला पाच कमी होते. मुलं कमरेपर्यंत भिजलेली. तात्यांनी उतरल्यावर आधी उदयला जवळ घेतलं, मग हौसासमोर जाऊन उभे राहिले.  त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, आणि सगळ्या मुलांना चहा पाजायला घेऊन गेले. मी हॉलतिकिटं उन्हात वाळवली, मुलांना फाटकाच्या आत सोडलं. घंटा झाली. शिक्षकांना बाहेरच थांबायचं होतं. बाकीच्या शाळांचे गुरुजी लिंबाखाली बसून पेपर कसा निघेल यावर बोलत होते. मी त्यांच्यात बसले नाही. माझे पाय आपोआप पाण्याकडं वळले.

नाव काठावर ओढून घेतली होती. येसबा सावलीला भाकरी खात होता. हौसा फळ्या पुसत होती. मला बघून तिनं फडकं खाली ठेवलं आणि वर्गात उभी राहायची तशी, हात मागं बांधून, उभी राहिली. मला ते बघवेना. मी गाळाच्या ओल्या मातीवर बसले, तिला बसायला सांगितलं, आणि एक काटकी घेऊन मातीवर लिहिलं: तीन छेद चार अधिक एक छेद दोन.

तिचा चेहरा एकदम बंद झाला. आत्ता दीड तासापूर्वी सुकाणू काखेत धरून आम्हा अकरा जणांना वारा ओलांडून आणणारी मुलगी कुठंतरी निघून गेली आणि शेवटच्या रांगेतली माझी विद्यार्थिनी येऊन बसली. तिनं काटकी घेतली आणि सावकाश लिहिलं. चार छेद सहा.

मी म्हणाले, "नावेत तात्या बसले आणि मी बसले. किती?"

"सव्वा." माझं वाक्य संपायच्या आत.

"मग हे काय लिहिलंस?"

"ते गणित हाय, बाई."

"तेच आहे हौसा. हे तात्या आणि ही मी."

तिनं मातीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत मातीकडं, आणि या वेळी बराच वेळ.

"हे तर तीन छेद चार हाय."

"हो. तीन छेद चार म्हणजेच पाऊण."

"हे पाऊण हाय व्हय?"

आवाज अगदी हळू होता. तिनं वाकून त्या आकड्यांवरून बोट फिरवलं, लाकडावरून फिरवायची तसं. खालचा चार, वरचा तीन. शेजारचा दोन, वरचा एक. तिचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "बाई, तवाच का न्हाई सांगितलंत?"

तक्रार नव्हती त्यात. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. आणि मी गणितात जिल्ह्यात दुसरी. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द मी रोज बाजारात वापरत होते, स्वयंपाकात वापरत होते. फळ्यावर खडू टेकला की माझ्याच तोंडून तीन छेद चार निघायचं. एवढ्या वर्षांत ते दोन्ही एकच आहेत हे मोठ्यानं म्हणायची गरज मला कधी वाटली नव्हती. माझ्या गुरुजींनाही वाटली नसावी.

तोवर ती आपण लिहिलेल्या उत्तराकडं वळली होती. चार छेद सहा. तिनं काटकीनं एक रेघ ओढली, तिचे सहा तुकडे पाडले, चार मोजले, शेजारी दुसरी तेवढीच रेघ ओढून तिचे चार पाडले. बघत राहिली. आणि एकदम हसायला लागली. मी तिला वर्गात कधी हसताना बघितलं नव्हतं.

"बाई, हे तर पाऊणपेक्षाबी कमी हाय. तात्यांच्यात तुम्हाला मिळवल्यावर तात्या हलकं कसं हुतील?"

मीही हसले. मला हसताना रडू आलं, ते मी पदरानं पुसलं.

तिनं काटकी पुन्हा मला दिली नाही. सव्वा कसं लिहायचं विचारलं, मी सांगितलं. दीड, अडीच, पावणेतीन. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. मग ती विचारायचीही थांबली आणि लिहीतच सुटली. शेळी, जळणाचा भारा, लग्नाचं वऱ्हाड, गेल्या पावसाळ्यात नेलेली आजारी म्हातारी आणि तिची बाज. तिच्या डोक्यात साठलेल्या सगळ्या खेपा ती एकेक करून मातीवर उतरवत होती. छेद समान कर, असं मी कुठंच म्हणाले नाही. तिनं आपणच पाऊण मोडून तीन पाव केले, अर्धं मोडून दोन पाव केले आणि पाच पाव लिहून माझ्याकडं बघितलं. माझ्या वहीतली रीत तीच होती. तिला ती माझ्याकडून घ्यायची गरज नव्हती.

पुढं काय झालं तेही सांगते. त्या नऊपैकी दोघांना शिष्यवृत्ती मिळाली, उदय आणि मंदाला. हजेरी कमी म्हणून हौसा चौथीतच राहिली. तिचा फॉर्म मी पुढच्या वर्षी भरला, तो वयात बसत नाही म्हणून परत आला. मी तालुक्याला तीन खेपा घातल्या, नियमापुढं कुणाचं काही चाललं नाही. ती पाचवीला गेली, सातवीला केंद्रात पहिली आली, मग तळेसांगवीच्या हायस्कुलात जायला लागली, स्वतःच्याच नावेतून. दहावीपर्यंतचं मला माहीत आहे. नंतर माझी बदली झाली. येसबाचा एक डोळा तात्यांनी शहरात नेऊन करवून आणला, आणि त्याला दिसायला लागल्यावरही नाव भरायचं काम त्यानं पोरीकडंच ठेवलं, असं मला कळलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ती लिहिता लिहिता थांबली.

"बाई, पावाच्या निम्म्याला काय म्हणायचं?"

"आदपाव. लिहायचं एक छेद आठ."

तिनं लिहिलं. "आन त्याच्या निम्म्याला?"

"छटाक. एक छेद सोळा."

"त्याच्या?"

"बत्तीस."

 मातीवरचे आकडे ओळीनं पाण्याकडं उतरत गेले होते. अर्धा, पाव, आदपाव, छटाक, आणि पुढचे ज्यांना बाजारात नाव नाही. तिनं चौसष्ट स्वतःच लिहिला. मग एकशे अठ्ठावीस. मग काटकी तशीच अधांतरी धरून तिनं मला विचारलं, "ह्याचं शेवटचं कुठलं?"

"शेवटचं नसतं, हौसा."

"कुणालाच सापडलं न्हाई?"

"नसतंच. कितीही लहान असलं तरी त्याचं निम्मं होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी थट्टा करते आहे की काय, हे ती पारखत असावी. मग तिनं आपला पंजा डोळ्यांसमोर धरला आणि करंगळीच्या टोकाकडं बघत राहिली, आत काहीतरी फार खोल दिसावं तशी.

पलीकडं जाणारी माणसं जमली होती. येसबा हात धुऊन नावेजवळ येऊन उभा राहिला. त्यानं हाक मारली, "हौसे." तिनं ऐकलं नाही. त्यानं पुन्हा मारली. ती वाकून लिहीत होती. दोनशे छप्पन्न, पाचशे बारा. तिसऱ्या हाकेला तिनं वर न बघता डावा हात उचलला, थांब म्हणून. आणि तो आंधळा माणूस, जणू त्याला तो हात दिसला, माणसांना म्हणाला, जरा दमानं घ्या, पोर कामात हाय.